भाड्याचं घर सोडल्यावर डिपॉझिट परत कसं मिळतं: कोल्हापुरातल्या भाडेकरूंचे आणि घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीक्षा संपल्या की राजारामपुरी, सागरमाळ, कळंबा, फुलेवाडी सगळीकडं खोल्या रिकाम्या व्हायला लागतात, गोकुळ शिरगाव नाहीतर शिरोली एमआयडीसीत नोकरीला असलेल्यांच्या बदल्या पण त्याच दिवसांत होतात, आणि मग डिपॉझिटची भांडणं सुरू होतात. रक्कम वीस-तीस हजारांचीच असते पण ज्याची अडकते त्याला पुढच्या घराचं डिपॉझिट भरायचं असतं, त्यामुळं त्याच्यासाठी ती लहान नसते. पुढचे प्रश्न लोक ज्या शब्दांत विचारतात तसेच ठेवलेत.

डिपॉझिट नक्की कुणाचं असतं?

भाडेकरूचं. मालकाकडं ती अनामत असते, म्हणजे घराला काही झालं किंवा भाडं थकलं तर हाताशी काहीतरी असावं म्हणून ठेवलेली रक्कम. ती मालकाची कमाई नाही. बरेच मालक ते पैसे लगेच घराच्या हप्त्याला नाहीतर घरच्या कार्याला वापरून टाकतात आणि भाडेकरू निघाला की "नवीन भाडेकरू आला की देतो" म्हणतात, तर नवीन भाडेकरू येवो न येवो, जुन्याचे पैसे देणं ही वेगळी जबाबदारी आहे.

किती दिवसांत परत द्यायचं असा कायदा आहे का?

आपल्याकडं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चालतो, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात लिव्ह अँड लायसन्सचं (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर नुसतं वापरायला द्यायच्या कराराचं) डिपॉझिट किती घ्यावं याची मर्यादा नाही आणि परत किती दिवसांत द्यावं याची मुदतही नाही, त्यामुळं सगळा भार करारावर येतो. बहुतेक छापील करारात "जागेचा ताबा परत देतेवेळी अनामत रक्कम बिनव्याजी परत केली जाईल" असं वाक्य असतं. असं लिहिलेलं असेल तर त्याचा सरळ अर्थ किल्ली दिली त्याच दिवशी पैसे. बिलं यायची म्हणून थोडी रक्कम मागं ठेवणं समजू शकतो, पण सगळं डिपॉझिट दोन-दोन महिने धरून ठेवायला काही कारण नाही.

दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही असं मोबाईलवर फिरतंय, ते खरं का?

ते आदर्श भाडेकरू कायद्याबद्दल आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं २ जून २०२१ ला त्याचा मसुदा मंजूर केला, त्यात राहण्याच्या घराला दोन महिन्यांचं आणि इतर वापराच्या जागेला सहा महिन्यांचं भाडं एवढीच मर्यादा आहे, आणि ताबा परत घेताना देणी वजा करून डिपॉझिट परत द्यायचं असंही आहे. पण तो नमुना आहे, राज्यानं स्वीकारला तरच लागू होतो, आपल्याकडं १९९९ चाच कायदा आहे. म्हणून मालकापुढं तो मेसेज धरून काही उपयोग होत नाही.

आमचा करार नुसता नोटरी केलेला आहे. काहींचा तर तोंडीच आहे. मग आमचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर भाडेकरूला दिलासा देणारं आहे. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणी केलेलाच पाहिजे आणि ती नोंदणी करून घेणं ही मालकाची जबाबदारी. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चालत नाही. नोंदणी केली नसेल आणि वाद झाला, तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, उलटं सिद्ध करायची जबाबदारी समोरच्यावर येते, शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

खर्च वाचवायला नोंदणी टाळतात म्हणावं तर खर्च तरी किती आहे बघा. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, तेही एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज एवढ्याच रकमेवर. महिना ८ हजार भाडं, २५ हजार डिपॉझिट, ११ महिने असा हिशोब केला तर दोन-तीनशे रुपये होतात. नोंदणी फी महापालिका हद्दीत १००० रुपये आणि ग्रामपंचायत हद्दीत ५०० रुपये. ऑनलाईन होतं, अंगठा आणि आधार लागतं, करून देणारे घरी पण येतात, त्यांची फी वेगळी.

तरीपण तोंडी करारवाल्यांनी एक लक्षात ठेवा, पैसे दिले हे तुम्हालाच दाखवायला लागणार. फोन पे किंवा गुगल पे केलं असेल, बँकेतून पाठवलं असेल तर उत्तम. रोख दिलं असेल तर आजच मालकांना मेसेज टाका, "काका, मागच्या जूनमध्ये दिलेल्या पंचवीस हजार डिपॉझिटबद्दल बोलायचं होतं", आणि त्यांचं "हो, बोलूया" एवढं जरी आलं तरी तो स्क्रीनशॉट जपून ठेवा.

मालक कशाचे पैसे कापू शकतो आणि कशाचे नाही?

कापता येतं ते असं: थकलेलं भाडं, तुमच्या वापराची न भरलेली बिलं, आणि तुमच्या हातून झालेलं खरं नुकसान. वापरानं जी झीज होते ती कापता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ मध्ये भाडेपट्ट्याबद्दल हेच आहे, जागा घेतली तशी परत द्यायची पण वाजवी झीज सोडून, आणि लिव्ह अँड लायसन्सच्या करारातही बहुतेक वेळा हेच वाक्य असतं.

आता झीज कुठली आणि नुकसान कुठलं, सगळी मारामारी इथंच आहे. भिंतीचा रंग फिका पडणं, कॅलेंडर-घड्याळासाठी मारलेल्या चार खिळ्यांची भोकं, बोअरच्या पाण्यानं नळाला आणि फरशीला धरलेला पांढरा थर, दाराची कडी सैल होणं, जुन्या गिझरची कॉईल जाणं, पावसाळ्यात भिंतीला आलेली ओल, हे सगळं झीज किंवा घराचाच दोष. बेसिनला तडा घालणं, खिडकीची काच फोडणं, कडाप्प्याचा कोपरा उडवणं, पोरानं पूर्ण भिंत खडूनं रंगवणं, दरवाजाला कुत्र्यानं ओरखडे काढणं, न विचारता भिंत फोडून एसीचं भोक पाडणं, हे नुकसान, याचे पैसे द्यायला पाहिजेत आणि कुरकुर न करता द्यावेत.

नुकसान असलं तरी नव्या वस्तूची पूर्ण किंमत लावणं बरोबर नाही. पंखा सात वर्षं जुना होता आणि तुमच्याकडून बिघडला, तर दुरुस्तीचा खर्च किंवा जुन्या पंख्याची जी काय किंमत असेल ती, नवीन कंपनीचा पंखा नाही. दुरुस्तीचं बिल मागा. "प्लंबरला दोन हजार दिले" असं नुसतं तोंडानं सांगितलेलं मान्य करायची गरज नाही, बिल नसेल तर निदान काय काम केलं, कुणी केलं आणि फोटो. ज्या मालकाचं खरंच नुकसान झालंय त्याला हे द्यायला अडचण येत नाही.

रंगाचे एक महिन्याचं भाडं कापतात, ते बरोबर आहे का?

करारात "सोडताना रंगासाठी एक महिन्याचं भाडं वजा होईल" असं लिहिलेलं असेल आणि तुम्ही सही केली असेल तर वाद घालणं अवघड. लिहिलेलं नसेल तर नाही. दोन-तीन वर्षं राहिलात तर रंग तसाही करायलाच आला असता, तो पुढच्या भाडेकरूसाठी आहे. आत जाताना भिंती जुन्याच होत्या आणि बाहेर पडताना नव्या रंगाचे पैसे मागतायत, असं असेल तर आत जातानाचे फोटो दाखवा.

लाईट बिल यायचं बाकी आहे म्हणून सगळं डिपॉझिट अडवलंय.

निघायच्या दिवशी मीटरचं रीडिंग आणि मीटर नंबर एकाच फोटोत घ्या, मागच्या बिलावरच्या रीडिंगपासून किती युनिट झाले ते काढा आणि अंदाजे रक्कम तिथंच द्या किंवा तेवढीच मागं ठेवू द्या. हजार रुपयांच्या बिलासाठी तीस हजार अडवायचे नसतात हे मालकांना शांतपणे पण स्पष्ट सांगा.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. महावितरणचं कधीकधी नेहमीच्या बिलाव्यतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं. ते वापरलेल्या विजेचं नसतं, ती ठेव कनेक्शनवर जमा राहते आणि कनेक्शन मालकाच्या नावावर असतं. तुम्ही ते भरलं असेल तर निघताना ते पैसे मागून घ्या, आणि भरलं नसेल तर ते तुमच्या डिपॉझिटमधून कापायचं नसतं.

घरफाळा, सोसायटीचा मेंटेनन्स, पाणीपट्टी?

घरफाळा मालकाचा. मेंटेनन्स आणि पाणीपट्टी करारात जसं असेल तसं, काहीच लिहिलेलं नसेल आणि वर्षभर मालकच भरत आलेत तर शेवटी एकदम बारा महिन्यांचं काढून दाखवणं बरोबर नाही. घर भाड्यानं दिलं म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क लावते ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसतं आणि सोसायटी ते सभासदाकडून म्हणजे मालकाकडूनच घेते.

करार ११ महिन्यांचा होता, सहाव्या महिन्यात बदली झाली. पूर्ण डिपॉझिट जाणार का?

आधी करारात लॉक-इन, म्हणजे ठरावीक महिने घर सोडता येणार नाही अशी अट, आहे का बघा. नसेल आणि एक महिन्याची नोटीस लिहिलेली असेल तर एक महिना आधी सांगा, संपला विषय. नोटीस द्यायला जमलं नाही तर एक महिन्याचं भाडं कापलं जाईल, ते मान्य करावं.

लॉक-इन असेल तर थोडं द्यावं लागू शकतं. पण "लवकर सोडलं तर संपूर्ण अनामत जप्त" असं लिहिलं म्हणून तेवढं सगळं आपोआप मालकाचं होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणं करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, मिळते ती त्या मर्यादेतली वाजवी भरपाई. तुम्ही गेलात आणि पंधरा दिवसांत नवीन कुटुंब राहायला आलं, तर मालकाचं नुकसान पंधरा दिवसांच्या भाड्याएवढं आहे, तोच मुद्दा धरून बोलायचं. शक्य असेल तर दुसरा भाडेकरू तुम्हीच शोधून द्या, ऑफिसच्या नाहीतर कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं की लगेच कुणीतरी मिळतं, मालकही खुश.

शेवटचं भाडं डिपॉझिटमधून कापून घ्या म्हटलं तर चालतं का?

मालकांनी मेसेजवर "चालेल" लिहिलं तर चालतं. परस्पर भाडं बंद करू नका, ती थकबाकी धरली जाते आणि मग तुमची बाजू नाहक पडती होते. पण ज्या मालकानं आधीच्या भाडेकरूचे पैसे बुडवलेत अशी गल्लीत चर्चा आहे त्याच्याशी हे बोलणं दोन महिने आधीच काढलेलं बरं.

डिपॉझिट देईपर्यंत किल्ली देणार नाही, असं केलं तर?

राग समजतो पण हे करू नका. कराराची मुदत संपल्यावर ताबा दिला नाही तर १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणं दुप्पट दरानं भरपाई मागता येते आणि ताबा मिळवण्यासाठी मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडं जायचा वेगळा मार्ग आहे. डिपॉझिटसाठी भाडेकरूला तसा मार्ग नाही. त्यापेक्षा एका हातानं किल्ली आणि दुसऱ्या हातानं पैसे असं आधीच ठरवून घ्या, घर रिकामं करून मालकांना बोलवा, सगळ्या खोल्या दाखवा, तिथंच हिशोब करा आणि पैसे खात्यावर आले की किल्ली द्या. तरीही पैसे देत नसतील तर किल्ली दिल्याचा पुरावा करून बाहेर पडा आणि पुढचा रस्ता धरा.

उलट बाजूनं मालकांनाही सांगतो, भाडेकरू लवकर जावा म्हणून पाणी किंवा लाईट तोडणं त्याच कायद्याच्या कलम २९ प्रमाणं चालत नाही.

महापुरात घरात पाणी आलं, सामान पण गेलं आणि मालक म्हणतात भिंतींचं नुकसान डिपॉझिटमधून.

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी शाहूपुरीत, नागाळा पार्कात, दुधाळीत काढला त्यांना हे सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही पंचगंगेची धोका पातळी, त्याच्या वर पाणी गेलं आणि घरात शिरलं, यात भाडेकरूचा काय दोष? पुरानं फुगलेले दरवाजे, उखडलेला गिलावा, गाळ बसलेलं वायरिंग, हे भाडेकरूच्या डिपॉझिटमधून घेता येत नाही. भाडेपट्टा असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्येच तरतूद आहे की आग, वादळ, पूर यांनी जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला किंवा कायमचा राहण्यालायक उरला नाही तर भाडेकरूला करार संपवता येतो. लिव्ह अँड लायसन्समध्ये हे करारात आधी घालून घ्यावं, तळमजल्यावरचं घर घेताना तर नक्कीच: "पुरामुळं घर राहण्यायोग्य न राहिल्यास नोटीसीशिवाय सोडता येईल व पूर्ण अनामत परत मिळेल". मालकाचं पण अशा वेळी मोठं नुकसान झालेलं असतं, त्यानं एकदम सगळी रक्कम देणं जमत नाही म्हटलं तर दोन हप्त्यांत घ्या पण तारखा लिहून घ्या.

आम्ही चार पोरं राहतो, मी एकटाच निघालोय. माझा हिस्सा कोण देणार?

करार कुणाच्या नावावर आहे आणि मालकाला पैसे कुणी दिले हे बघायचं. एकानंच सगळं भरलं असेल तर मालकाचा संबंध त्याच्याशी, तुमचा हिस्सा त्यानं द्यायचा. विद्यापीठाच्या आणि केआयटी कॉलेजच्या बाजूला चालतं ते असं की नवीन येणारा जाणाऱ्याला त्याचा हिस्सा देतो, मालकाकडचं डिपॉझिट तसंच राहतं. चालू द्या, फक्त मालकांना एक मेसेज टाका की अमुक ऐवजी आता तमुक, डिपॉझिटमधला हिस्सा त्याच्याकडं गेला. पुढं शेवटी कोण काय मागणार यावरून मित्रांमित्रांत वितुष्ट येतं.

मधेच मालकानं घर विकलं.

विक्रीच्या आधी जुन्या मालकाकडून पैसे घ्या आणि नव्याला नव्यानं द्या, किंवा तिघांच्या सहीचा कागद करा की डिपॉझिट नव्या मालकाकडं वर्ग झालं. नुसतं "ते देतील तुम्हाला" यावर विसंबू नका.

पीजी आणि मेसवाल्या खोल्यांना पण हेच नियम?

मालक स्वतः राहतो त्याच घरातला भाग दिलेला असेल तर १९९९ चा कायदा त्याला पेइंग गेस्ट म्हणतो आणि लायसन्सीच्या (म्हणजे लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याच्या) व्याख्येतून वगळतो. पण घेतलेली अनामत परत करणं हे साध्या करारानंच येतं, त्यासाठी भाडे कायदाच लागतो असं नाही. पावती घ्या एवढंच.

डिपॉझिटवर व्याज मिळतं का?

करारात नसेल तर नाही. वर सांगितलेले १० टक्के फक्त मुद्रांक शुल्क काढायला आहेत, त्यावरून लोकांचा गोंधळ होतो. मात्र पैसे देय झाल्यावर तुम्ही लेखी मागणी करून "या तारखेपासून व्याज मागेन" असं कळवलं, तर व्याज कायदा, १९७८ प्रमाणं कोर्ट त्या तारखेपासून व्याज देऊ शकतं. म्हणून नोटीसीत ते वाक्य पाहिजेच.

मी मालक आहे. भाडेकरूनं घराची वाट लावली, डिपॉझिटपेक्षा खर्च जास्त. मी काय करू?

घर दुरुस्त करायच्या आधी फोटो आणि व्हिडिओ, भाडेकरूच्या समोर. दोन ठिकाणचं कोटेशन, मग बिल, मग लेखी हिशोब. वरची रक्कम मागायचा तुम्हालाही हक्क आहे. निवृत्त झालेले बरेच काका-काकू भाड्यावरच घर चालवतात आणि त्यांचं नुकसान करून निघून जाणारे लोकही आहेत, भाडेकरू म्हणजे कायम बिचारा असं काही नाही. पण सामान अडवून ठेवू नका, पोरांची पुस्तकं-सर्टिफिकेटं तर अजिबात नाही.

तीन महिने झाले, फोन उचलत नाहीत. आता?

पहिल्यांदा एक सरळ मेसेज आणि तोच मजकूर कागदावर पोस्टानं. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, तेव्हा स्पीड पोस्टनं पाठवा, पोचपावती घ्या. त्यात कराराची तारीख, डिपॉझिटची रक्कम, किल्ली दिल्याची तारीख, काय कापायला हरकत नाही, बाकी किती, पंधरा दिवसांची मुदत आणि व्याजाचं वाक्य. शिव्या नकोत, धमकी नको. बऱ्याच वेळा एवढ्यावरच फोन येतो.

नाही आला तर वकिलाची नोटीस, किंवा त्याआधीच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज. आपल्याकडं जिल्हा न्यायालय कसबा बावड्याला आहे, तिथं चौकशी करा, दाखलपूर्व प्रकरण (म्हणजे दावा दाखल व्हायच्या आधीचं) म्हणून दोघांना बोलवून समेट करतात आणि लोकअदालतीतही ठेवतात. लोकअदालतीत तडजोड झाली की तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते, हे अनेकींना माहितीच नसतं.

त्यानंही झालं नाही तर दिवाणी न्यायालयात वसुलीचा दावा, साधारण तीन वर्षांच्या आत. वीस हजारांसाठी दावा परवडतो का हे ज्याचं त्यानं ठरवावं, वेळ जातो हे खरं आहे, म्हणूनच आधीच्या पायऱ्या नीट करा. व्हॉट्सॲपचे मेसेज पुरावा म्हणून चालतात, त्याला भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, फोन बदलला तरी चॅट उडवू नका.

पोलीस स्टेशनला जाऊ का?

नुसतं डिपॉझिट दिलं नाही एवढ्यासाठी गेलात तर "दिवाणी बाब आहे" हेच उत्तर येतं. मारहाण, धमकी, कुलूप बदलून सामान आत अडकवणं असं असेल तर जरूर जा.

कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय, थेट तिथं जाता येईल का?

नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ते सुरू झालं ही आपल्यासाठी फार मोठी गोष्ट आहे पण डिपॉझिटचा दावा खालच्या दिवाणी न्यायालयातूनच सुरू होतो.

किल्ली देताना काय लिहून घेऊ? तयार मजकूर द्या.

साध्या कागदावर दोघांच्या सह्या, दोन प्रती, आणि फोटो काढून एकमेकांना पाठवायचा:

"आज दिनांक ____ रोजी ____ येथील घराचा रिकामा ताबा व ____ किल्ल्या घरमालकांना मिळाल्या. लाईट मीटर रीडिंग ____. घरातील वस्तू यादीप्रमाणे तपासल्या. अनामत रुपये ____ पैकी ____ या कारणासाठी रुपये ____ वजा करून रुपये ____ आज खात्यावर दिले. शेवटच्या बिलापोटी रुपये ____ राखून ठेवले असून बिल आल्यावर ____ दिवसांत उरलेली रक्कम परत केली जाईल."

मालक परदेशात असतील आणि त्यांचा भाऊ किंवा मेहुणा किल्ली घेत असेल तर त्याची सही आणि मालकांचा "हो, त्यांच्याकडं द्या" असा मेसेज, दोन्ही घ्या.